चार ग्रॅम मीठ

टण्.

तराजूचं पितळी पारडं टेबलावर टेकलं आणि मघापासून गप्प असलेलं स्वयंपाकघर दचकलं. बाळ नुकतंच झोपलं होतं. मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे कान लावला. नाही, हललं नाही.

"बघ गं," सासूबाई म्हणाल्या. "शंभर. बघितलंस?"

मी पाहिलं. काटा मधोमध उभा होता. "बरोबर."

"असं लांबून बरोबर म्हणू नकोस. वाकून, डोळा काट्यासमोर आणून बघायचं. लांबून बघणाऱ्या पोरींना मी दोन दिवसांत बरण्या धुवायला पाठवायचे."

मी वाकले. "बरोबर आहे, आई."

"मग उजवीकडे घे."

किसलेल्या चीजचा कागद मी टेबलाच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला सरकवला. असे चार कागद व्हायचे होते.

सासूबाईंनी चौतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात वजनं केली. बंद खोली, पंखा नाही, कारण वाऱ्याने काटा हलतो. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, आणि समोर पांढरी पूड. एकीने मोजायचं, दुसरीने तपासायचं, मग दोघींनी सही करायची. न तपासलेलं डावीकडे, तपासलेलं उजवीकडे. काही गडबड निघाली तर साहेब आधी तपासणारीला बोलावून सुनावत. मोजणारी काय, माणूस आहे, चुकणारच. तुला कशाला ठेवलंय मग? निवृत्त होताना बाकीच्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, सासूबाईंनी मात्र जुना तराजू मागून घेतला. "घड्याळ घेऊन काय करू? माझी वेळ गेली ती गेलीच," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं म्हणे.

वर्ष संपतानाच्या सुट्टीत आमच्या घरी पार्टी असते, आणि त्या पार्टीत सासूबाईंचं भाजलेलं चीज असतं. लोणी, मैदा, दूध, चीज, लसूण, मिरपूड, वरून पावाचा चुरा. ओव्हनमध्ये कडा बुडबुडायला लागेपर्यंत ठेवायचं आणि गरम असतानाच कुरकुरीत पावाच्या तुकड्यांनी उचलून खायचं. ही कृती मूळची चीजच्या डब्यावरची. पण डब्यावर 'मीठ चवीपुरतं' असं छापलं होतं, ते सासूबाईंना पटलं नाही. "चव कुणाची? साहेबाची की शिपायाची?" त्यांनी ते शब्द खोडून पुढे लिहिलं, मीठ चार ग्रॅम. तो पिवळा पडलेला पुठ्ठा अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

या वर्षीची पार्टी मात्र नुसती पार्टी नव्हती.

गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात विसरणाऱ्या माणसांसाठी वेगळा मजला आहे. तिथे एक खाट रिकामी झाली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि दोन्ही मुलांच्या सह्या लागत होत्या. नवऱ्याने मान खाली घालून हो म्हटलं होतं. नणंद तयार नव्हती. ती दूर राहते, तीन महिन्यांतून एकदा येते, आणि त्या दोन दिवसांत सासूबाई अगदी पूर्वीसारख्या असतात. पाहुणा आला की मूल शहाण्यासारखं वागतं ना, तसं.

"तू दमलीयस, वहिनी, मला मान्य आहे," ती फोनवर म्हणाली होती. "दोन लहान मुलं, त्यात आई. पण तू दमलीस म्हणून तिला घराबाहेर काढायचं?"

"ताई, तसं नाही हो..."

"मग कसं ते सांग. या वेळी चीज तिलाच करू दे. तू मध्ये पडू नकोस, फक्त मागेल ते हातात दे. जमलं तर हा विषय परत काढायचा नाही. नाही जमलं तर मी स्वतः सही करते. मग तर झालं?"

मग कसं, ते मला सांगता आलं नाही. कारण ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी मी अंघोळीला गेले असताना बाळ रडलं आणि सासूबाईंनी त्याच्यासाठी दूध केलं. पावडरचे चमचे मोजले, विसरल्या, पुन्हा मोजले. पुन्हा विसरल्या. मी बाहेर आले तेव्हा बाळ शांतपणे बाटली संपवत होतं आणि त्या त्याच्या पायावरून हात फिरवत होत्या. ओट्यावर पावडरचा डबा उघडा होता. तो इतका खाली गेलेला दिसला तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्या दुपारी आणि रात्री परत त्यांनीच हौसेने दूध केलं. तिसऱ्या दिवशी बाळ डोळे उघडेना.

हॉस्पिटलात चार दिवस. इवल्याशा हाताला सुई, ती हलू नये म्हणून हाताला पुठ्ठा बांधलेला. डॉक्टरांनी विचारलं, दुधात पावडर फार जास्त पडलीय, दूध कुणी केलं होतं? सासूबाई दारात उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून, सगळ्यांकडे बघून हसत. त्यांना काहीही आठवत नव्हतं. चौतीस वर्षांत हिची एक चूक निघाली नाही, असं कारखान्यातली माणसं अजून सांगतात.

"मी केलं," मी म्हणाले. "झोप नव्हती. मोजताना चुकले."

तेव्हापासून मी बाटली भरायला घेतली की नवरा काहीतरी निमित्त काढून माझ्या मागे येऊन उभा राहतो. नुसता चमचे मोजतो.

"मीठ," सासूबाई म्हणाल्या.

चीजचे चारही कागद उजवीकडे गेले होते. मैदा, लोणी झालं होतं. खरं सांगायचं तर त्या फार सुरेख करत होत्या. वजनं बोटांनी उचलायची नाहीत, बोटांचा घाम लागतो. त्या चिमट्याने उचलत. दोन ग्रॅमचं एक, दोन ग्रॅमचं दुसरं. दुसऱ्या पारड्यात कागद, त्यावर मीठ, बोटाच्या टिचकीने कणकण पाडलेलं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरलेली. मला वाटलं, जमतंय यांना. आणि असं वाटून मला आनंद झाला नाही, हेही मला कळलं.

"चार. बघ."

"बरोबर."

त्यांनी मीठ पातेल्यातल्या दुधात सोडलं, कागद झटकून उजवीकडे ठेवला. तेवढ्यात ठकी, माझी थोरली, दारात आली. सात वर्षांची आहे. "आई, बाळ कुरकुरतंय."

मी आत जाऊन बाळाला थोपटलं. मिनिटभर, फार तर दोन. परत आले तेव्हा सासूबाई चिमटा हातात घेऊन तराजूसमोर बसल्या होत्या.

"मीठ राहिलं होतं बघ. बरं झालं आठवलं."

मी तोंड उघडलं. रोज दहा वेळा उघडते. आई, झालंय. आई, आत्ताच जेवलात. आई, ते नाहीत आता, जाऊन नऊ वर्षं झाली. 'झालंय' हा शब्द माझ्या जिभेवर कायमचा येऊन बसलेला असतो.

"बघ गं. चार."

मी वाकले. डोळा काट्यासमोर आणला. काटा मधोमध उभा होता, चार ग्रॅमला चार ग्रॅम. त्यात काही खोटं नव्हतं.

"बरोबर," मी म्हणाले.

त्यांनी ते पातेल्यात सोडलं. लसूण ठेचला. मग टेबलाकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या, कपाळावर आठी घालून, जिना चढता चढता मध्येच थांबल्यासारख्या. "मीठ घ्यायचंय अजून," स्वतःशीच म्हणाल्या. मी पावाचे तुकडे करत होते. सुरी चालवत राहिले. चारदा त्यांनी मीठ मोजलं. चारदा मला बोलावलं. चारदा मी वाकून पाहिलं आणि चारदा बरोबर म्हटलं. शेवटच्या वेळी त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

"तुझी नजर चांगली आहे हो. आमच्या खोलीत असतीस तर तुला माझ्याकडेच घेतलं असतं."

मिठाचे चार कागद एकावर एक उजवीकडे पडले होते. ते उचलायचंसुद्धा मला सुचलं नाही.

पाच वाजता सगळे आले. सगळे म्हणजे कोण, नणंद आणि मावशी. पूर्वी वीस-पंचवीस माणसं असत. आता वजनखोलीतल्या या एकच उरल्यात. मावशी म्हणजे सासूबाईंच्या तपासणाऱ्या. बावीस वर्षं त्यांच्या सहीशेजारी मावशींची सही असे. गुडघे गेलेत, काठी घेऊन येतात.

"मेली नाहीस का गं अजून?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

"तुझ्या आधी कशी मरू? मग सही कोण करेल?"

दोघी पोरींसारख्या हसल्या. नणंदेने माझ्याकडे पाहिलं. बघ, किती छान आहे आई, असं ते बघणं होतं.

मी भांडं ओव्हनमधून काढून टेबलावर ठेवलं. वरचा चुरा तांबूस झाला होता, कडांना चीज बुडबुडत होतं, लसणाचा वास घरभर पसरला होता. इतकं देखणं ते कधी झालं नसेल. नणंदेचा चेहरा फुलला. "वहिनी, तू हात नाही ना लावलास?"

"नाही, ताई."

"शपथ?"

"ओव्हनमधून बाहेर काढलं तेवढंच."

तिने पावाच्या तुकड्यावर भरपूर घेतलं, फुंकर मारली, तोंडात घातलं. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होते. तिचे ओठ मिटले. डोळ्यांत पाणी आलं. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि घटाघटा प्यायली. नवऱ्याने आपला घास न चावताच गिळला आणि ताटलीकडे बघत बसला. ठकीने रुमालात थुंकलं, तिला मी डोळ्यांनी दटावलं.

"कसं झालंय?" सासूबाईंनी विचारलं. त्या स्वतः खात होत्या, मन लावून. त्यांना अलीकडे चवच कळत नाही. "खरं सांगा हं. पाहुण्यासारखं सांगू नका."

नणंद ग्लासाच्या तळाशी काहीतरी शोधत होती.

मावशींनी घास सावकाश चावला, गिळला. पुढे होऊन भांड्यातून आणखी एक चमचा वाढून घेतलं.

"पहिल्यासारखं," त्या म्हणाल्या.

"बघा! हिला कळतं." सासूबाई खूश होऊन आमच्याकडे वळल्या. "या बाकीच्यांना कशाला बोलावता दरवर्षी?"

मावशींनी ताटली पुसून संपवली आणि ती ठेवायला म्हणून काठी टेकत माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. नळाखाली पेला धरून दोनदा पाणी प्यायल्या. मग टेबलाशी गेल्या. मिठाचे कागद एकेक करून उचलले, बोट फिरवून बघितलं, बोट जिभेला लावलं.

"चार," त्या म्हणाल्या. "तपासायला कोण होतं?"

"मी."

त्यांनी कागदांची घडी घातली, आणखी लहान घडी घातली आणि केराच्या डब्यात टाकली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बावीस वर्षांत तिचं तीनदा चुकलं होतं," त्या म्हणाल्या. "एकदा तिचा मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा, एकदा नवऱ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा. तिसरं असंच, उगाच. मी उजवीकडे घेतलं नाही. म्हटलं, तागडी जरा हलतेय, परत घे. तिला कळलंही नाही."

"मावशी, बाळाला..." मी सुरुवात केली. सांगणार होते. पुठ्ठा बांधलेला तो हात, पावडरचा डबा, सगळं. पण सांगून काय होणार होतं? बाळासाठी मी खोटं बोलले असते तर मला शांत झोप लागली असती. पण आज टेबलाशी वाकताना माझ्या मनात बाळ नव्हतंच. मला फक्त एक अख्खी रात्र झोपायचं होतं.

"तुझ्यावर काय गेलंय ते मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "मी दिवसाचे आठ तास तिच्यासोबत असायचे. मग माझ्या घरी जायचे." एवढं बोलून त्या काठी शोधू लागल्या. काठी त्यांच्या हातातच होती.

बाहेर नणंदेने वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही केली होती. सासूबाई शेजारीच बसून ते कौतुकाने बघत होत्या. "अक्षर अजून तसंच आहे गं तुझं, कोंबडीचे पाय," म्हणाल्या. नणंद हसली आणि मग तोंडावर ओढणी धरून गॅलरीत निघून गेली. मी मागे गेले तर तिने माझे दोन्ही हात धरले.

"चुकलं माझं, वहिनी. तू म्हणत होतीस ते खरं होतं. मी उगाच तुझ्यावर संशय घेतला."

मी तिचे हात तसेच राहू दिले.

सगळे गेल्यावर मी ठकीचे केस विंचरत बसले. पलीकडे सासूबाई बाळाच्या पाळण्याला झोका देत काहीतरी गुणगुणत होत्या, आणि मी इथून पाळण्यावर लक्ष ठेवून होते. नवरा फोनवर वृद्धाश्रमाच्या बाईंशी बोलत होता. सोमवारी सकाळी दहाला. कपड्यांवर नाव शिवून आणायचं.

"आजी तिकडे राहायला जाणार?" ठकीने विचारलं.

"हो."

"तिला सांगितलं?"

"उद्या सांगू."

"ती विसरेल की."

"मग परत सांगू."

कंगवा एका गाठीत अडकला, मी तो सोडवत होते. मग ठकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तिकडे ती रोज विचारेल, मला इथे का आणलं म्हणून. मग तिथल्या बायका तिला रोज काय सांगतील, आई?"