फिनेलात भिजलेली मॅट

चामराजपेटच्या भवानी क्रिकेट क्लबाची मॅट म्हणजे नागोजीरावांचा जीव की प्राण. आता तुम्ही म्हणाल, मॅट ती काय, नारळाच्या काथ्याची बावीस यार्डांची चटईच की! पण हे नागोजीरावांच्या तोंडावर म्हणून बघायचं होतंत. त्या काळी बेंगळुरात लीगच्या मॅचेस मातीवर अशी मॅट अंथरून, चहूबाजूंनी खिळे ठोकून, ताणून खेळायच्या. ज्याचं मैदान त्यानं मॅट आणायची असा रिवाज. नागोजीराव धंद्यानं शिंपी. दुकानाच्या मागच्या खोलीत मॅटची गुंडाळी आडवी पडलेली असायची आणि तिच्यावर चुकून कुणाची चप्पल पडली तर त्याची खैर नसायची.

बावीस वर्षं क्लबाचे सेक्रेटरी तेच. बावीस वर्षं सगळ्या टीमच्या पांढऱ्या पँटी त्यांनीच शिवल्या. आणि लीगकडे खेळाडूंची यादी पाठवताना दरवर्षी सगळ्यात शेवटी स्वतःचंही नाव घातलं. "अण्णा, तुम्ही कधी खेळणार मग?" पोरं चिडवायची. "गरज पडली की!" म्हणून अण्णा पुन्हा मशीन मारायला लागायचे. गरज कुठली पडते? एक बॉल खेळले नव्हते बिचारे.

सत्तावन्न साली फ्लू आला आणि सगळी गणितं कोलमडली. घरटी एक तरी माणूस अंथरुणावर. लीगवाले मात्र सीझन बंद करायला तयार नव्हते. आणि क्लबही बहाद्दर हो! कुणी आठ जणांत अकरांचं फील्डिंग केलं. कुणी नाकाला रुमाल बांधून बोलिंग टाकली. मल्लेश्वरमची पोरं सायकलच्या हँडलला आपापल्या उकळलेल्या पाण्याचा तांब्या लटकवून यायची, एकाच्या तांब्याला दुसरा तोंड लावायचा नाही. कुणाला पगार नव्हता, कुणाचा फोटो छापून येणार नव्हता, तरी रविवार उजाडला की निघाली आपली मैदानावर. मला तर बाबा आजही त्या पोरांचं कौतुक वाटतं.

नियम मात्र कडक होता. अकराच्या ठोक्याला मॅट ठोकलेली हवी आणि निदान सात माणसं हजर हवीत, तीही यादीतली. नाहीतर वॉकओव्हर. असे दोन वॉकओव्हर दिले की क्लबाचं नाव लीगमधून कट. भवानी क्लबाचा एक देऊन झाला होता, कारण गेल्या रविवारी पाचच जण उभे राहू शकले. कॅप्टन मालोजी, म्हणजे नागोजीरावांचा पुतण्या, तोही तापानं फणफणला होता. आता येत्या रविवारी घरच्या मैदानावर मल्लेश्वरमशी मॅच. ती चुकली की बावीस वर्षांचा क्लब संपला.

आणि नेमकी मॅट घरात नव्हती! त्याचं असं झालं. मार्केटातले हमाल, निपाणी-चिकोडीकडची माणसं, तापात गल्लीतल्या छत्राच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, पडवीत येऊन पडले होते. खाली नुसती फरशी, वर जुलैचा गारठा. नागोजीरावांची बायको ठकुबाई रोज त्यांना गंजी, म्हणजे आपली तांदळाची पेज, नेऊन द्यायची. एक दिवस परत आली ती भांडं आपटूनच.

"तुमची ती मॅट मऊ गादीवर झोपल्यागत पडलीय घरात, आणि माणसं दगडावर कुडकुडतायत. लाज वाटते का काही?"

"अगो, ती मॅट आहे, सतरंजी नव्हे," नागोजीराव म्हणाले.

"सरी, बरं! मग तिलाच पाजा उद्यापासून गंजी."

झालं. त्याच संध्याकाळी मॅट छत्रात गेली. नागोजीरावांचा जीव तुटला, पण दिली हं त्यांनी. नऊ दिवस नऊ हमाल तिच्यावर पडून होते. त्यांतला बसवंत म्हणून एक दांडगा गडी सगळ्यांत आधी बरा झाला. शुक्रवारी सगळे उठले तेव्हा त्यानंच मॅट झटकून, नीट गुंडाळून, साथीदारांबरोबर दुकानात आणून ठेवली. "अण्णा, लई उपकार झालं," म्हणाला.

आता इथं नागोजीरावांनी गप्प बसावं की नाही? पण डोक्यात किडा वळवळला. काथ्यात ताप राहिला असेल तर? उरलीसुरली पोरंही आडवी झाली तर? शनिवारी सकाळी नागोजीराव नळावर गेले, बादलीभर फिनेल ओतलं आणि मॅट अशी भिजवली, अशी घासली, की सबंध गल्लीला दवाखान्याचा वास सुटला. काथ्या पाणी किती पितो याचा विचारच केला नाही. दुपारी ऊन पडेल म्हणून वाळत टाकली, तर दुपारपासून जी भुरभुर लागली ती थांबायचं नाव घेईना. बेंगळूरचा पाऊस तो, कुणाचं ऐकतोय!

रविवारी सकाळी सहा खेळाडू आले. त्यातले दोघे कालच अंथरुणातून उठलेले. "चला, उचला," म्हणून सगळ्यांनी हात लावला, आणि मॅट हलेचना. पाणी पिऊन टम्म फुगलेली. सहा जण आणि सातवे नागोजीराव, कण्हले, कुंथले, उंबऱ्यापर्यंत नेली आणि एक पोरगा घेरी येऊन मटकन खाली बसला. हातगाडी दारात उभी, मैदान बसवनगुडीच्या पलीकडे, आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजलेले.

"मीच घालवला क्लब," नागोजीराव पायरीवर बसून म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "मालोजीला काय सांगू आता?"

ठकुबाई दारात उभी होती. एरवी चार शब्द सुनावले असते, आज मात्र पदर खोचला आणि तरातरा मार्केटकडे निघून गेली. परत आली ती बसवंत आणि तिघा हमालांना घेऊनच.

बसवंतनं मॅटला हात लावला, बोटं नाकाशी नेली आणि नागोजीरावांकडे बघितलं. "आमचा ज्वर धुतला व्हय अण्णा?"

नागोजीरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नऊ दिवस मॅट दिली त्याचं पुण्य त्या एका बादलीनं वाहून गेलं होतं, आणि ज्यांच्यापासून भिऊन धुतली तेच दारात उभे होते. "चुकलं माझं, बसवंता," एवढंच ते म्हणाले.

"त्यात काय, धुवावंच लागतं," बसवंत म्हणाला. "पर वल्ली न्हाई उचलायची. आधी पिळा तिला."

पोत्याचं पाणी काढतात तसं त्यांनी मॅटच्या गुंडाळीला दोर आवळून दोन बाजूंनी ओढलं. घळाघळा पाणी गटारात गेलं. मग चौघांनी डोक्याला फडकं गुंडाळलं, 'हुं' केलं, आणि जी सात जणांना उचलवली नव्हती ती मॅट गाडीवर गेली. तेही तापातून उठलेलेच हो! वाटेत दर दोन गल्ल्यांनी थांबून, धापा टाकून, पुन्हा ढकलायचे. अकराला दहा कमी असताना शेवटचा खिळा ठोकला गेला.

अंपायर सुब्बाराव हातात घड्याळ घेऊनच उभे होते. नियमाला देव मानणारा माणूस. मल्लेश्वरमचा कॅप्टन कृष्णमूर्ती आठ जण घेऊन आला होता. सुब्बारावांनी भवानीची माणसं मोजली. "सहा," ते म्हणाले.

"सात," नागोजीराव म्हणाले. अंगातला काळा कोट काढून त्यांनी घडी करून बाजूला ठेवला. "यादीत शेवटचं नाव बघा."

सुब्बारावांनी यादी बघितली. मग खालपासून वरपर्यंत नागोजीरावांना बघितलं. सबंध टीमच्या पँटी शिवणारा हा माणूस धोतरात उभा होता. "लीगचा नियम आहे, पोशाख पांढरा पाहिजे," सुब्बाराव म्हणाले.

नागोजीरावांचा चेहरा पडला. तेवढ्यात कृष्णमूर्ती पुढे आला. त्यानं तोंड मिटून ठेवलं असतं तर मॅच आयती त्याच्या खिशात होती. पण तो म्हणाला, "सर, धोतर पांढरंच आहे की. नियमात पँट कुठं लिहिलीय?"

सुब्बारावांनी नियमांचं पुस्तक उघडलं, शेवटपर्यंत चाळलं आणि मिटलं. "सात," ते म्हणाले. "टॉस करा."

मॅच काय सांगायची! भवानी क्लब एक्केचाळीसात गारद झाला. ओल्या मॅटवर बॉल एकदा नाकापाशी उडायचा, एकदा घोट्यापाशी सरपटायचा, आणि दर टप्प्याला फिनेलचा भपका. नागोजीराव कासोटा घट्ट मारून शेवटी गेले. चार बॉल खेळले. एक बरगडीत बसला, एक बॅटीच्या कडेला लागून मागे गेला आणि एक रन मिळाली. ती काढताना धोतर सावरत असे धावले, की मल्लेश्वरमची पोरंही टाळ्या पिटायला लागली. नॉट आउट एक. मल्लेश्वरमनं मॅच आरामात जिंकली. भवानीचं नाव मात्र लीगमध्ये राहिलं.

ऊन पडलं होतं, मॅट वाळून हलकी झाली होती. खिळे काढायला कृष्णमूर्तीची पोरंही वाकली. पाहुण्यांनी घरच्या मॅटला हात लावायचा रिवाज नव्हता, पण त्या दिवशी कुणी कुणाला अडवलं नाही. बसवंत आणि मंडळी मॅच संपेपर्यंत मॅटच्या कडेपासून चार हात लांब, उकिडवी बसून होती.

"लांब का रे बसलात?" नागोजीरावांनी विचारलं.

"चपला हाईत पायात," बसवंत म्हणाला. "ठकुआक्कांनी सांगितलंय, तुमास्नी चालत न्हाई."

नागोजीरावांनी बसवंतचा दंड धरला, त्याला ओढत मॅटच्या मधोमध नेऊन चपलांसकट बसवला आणि स्वतः शेजारी मांडी घातली. सुब्बारावांनी हे बघितलं आणि पुन्हा घड्याळात बघायला लागले.

बसवंतनं काथ्यावरून हात फिरवला. "अण्णा," तो म्हणाला, "फुडल्या आयतवारीबी येतो आमी. पर तेवढी धुऊ नगा."

"नाही धुणार," नागोजीराव म्हणाले.