नाव घेतल्याशिवाय न लागणारा फोन

सकाळचा चहा भवानीबाई अजून स्वतःच करीत. आधणाचा आवाज बदलला की साखर, मग पत्ती. दूध ओतताना पातेल्याच्या काठाशी बोट धरायचे. डोळ्यांपुढे धुके दाटू लागल्यापासून त्यांनी स्वयंपाकघर हातांनी पाठ केले होते. जगदेवराव दोन्ही कप बाहेर नेत आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत. देवासच्या त्या कॉलनीतली त्यांची सकाळ अशी उजाडे.

अलीकडे मात्र वाचता वाचता ते मध्येच थांबत. धारला त्यांची थोरली बहीण अक्का अंथरुणाला खिळली होती. "जगूला एकदा पाठव," असा तिचा निरोप येई. पण मुलगा-सून नोकरीवर गेल्यावर भवानीबाईंना घरी एकटे सोडून जायला ते तयार नव्हते. त्यांना फोनचे आकडे दिसत नसत. "मध्येच काही झालं तर मला कळवशील कशी?" एवढेच ते विचारीत.

नात अवंती इंदूरला कॉलेजात होती. इंटरनेटवर जगभरातल्या अजब वस्तू धुंडाळण्याचा तिला नाद. शीळ घातली की वाजणारी किल्ली, गजर होताच टेबलावरून उडी मारून पळणारे घड्याळ. त्यांतच तिला, आधी आपल्या आवाजात नाव भरून ठेवले की पुढे ते नुसते उच्चारताच फोन लावणारा मोबाइल दिसला, वडिलांच्या मागे लागून तिने तो आणवला, आणि सुट्टीत घरी आल्यावर आजीच्या हाती दिला.

"आजी, हे मोठं वालं बटन दाबायचं और आजोबांचं नाव बोलायचं. बस."

"नाव?" भवानीबाईंनी पदर सावरला.

उखाण्याबाहेर त्यांनी नवऱ्याचे नाव कधीच घेतले नव्हते. त्यांनी "अहो" भरून पाहिले. शब्द फार छोटा पडला. मोबाइल गोंधळला आणि त्याने अवंतीलाच फोन लावला.

"मग उखाण्यात घेते," म्हणत त्यांनी सुरुवात केली, "टेकडीवर देवीच्या लागली दिव्यांची ओळ..." टुक्. ओळ संपण्याआधीच मोबाइलने कान मिटले.

"इतना टाइम नाही देत तो, आजी," अवंती हसून हसून लोळत म्हणाली.

"राहू दे गं, छळू नकोस तिला," जगदेवराव हलकेच म्हणाले. "अक्का समजून घेईल. मी नाही जात."

त्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच तो भवानीबाईंच्या मनातून दिवसभर जाईना.

दुसऱ्या दिवशी जगदेवराव अंघोळीला गेल्यावर त्यांनी अवंतीला हाक मारली. "नाव भरायच्या जागी आणून दे. आणि जाताना दार ओढून घे."

दार लागले. त्या क्षणभर ओट्याला धरून उभ्या राहिल्या, मग स्पष्ट बोलल्या. पुन्हा बटण दाबून तेच बोलल्या. फोन लावण्यापूर्वी यंत्राने त्यांच्याच आवाजात ते नाव परत ऐकवले: जगदेवराव. आपल्या तोंडून ते असे ऐकू येते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

बाहेर खुंटीवरच्या सदऱ्यात फोन वाजला. ओल्या केसांनी जगदेवरावांनी तो घेतला. "कोण बोलतंय?"

"मीच. स्वयंपाकघरातून."

"लागला? काय म्हणालीस त्याला?"

"म्हणायचं ते म्हटलं. आता आवरा, धारची बस चुकेल. डबा भरते मी."

 पलीकडून कपाट उघडल्याचा, पिशवी झटकल्याचा आवाज आला. भवानीबाईंनी मोबाइल ओट्यावर ठेवला आणि कणकेचा गोळा हाताशी ओढला.