तारेखालून बावटा

मुरबे गावात नवी बोट पाण्यात उतरवायची तर तिला ट्रॅक्टरने खाडीपर्यंत ओढत न्यावं लागतं, आणि वाटेत विजेची मोठी लाईन आडवी येते. बोट तिच्याखालून बिनबोभाट जाते. जात नाही ती बावट्याची काठी. पूजा करून उभारलेला बावटा बोट पाण्याला लागेपर्यंत उतरवायचा नाही, असा रिवाज. म्हणून मालकाने बोटीच्या केबिनच्या टपावर चढायचं, बांबूने तार वर उचलायची आणि बावटा खालून सन्मानाने काढायचा. आजवर कुणाला काही झालेलं नव्हतं. याचं श्रेय गाव निम्मं देवीला आणि निम्मं सुक्या बांबूला देत असे.

यंदा रामा टपावर चढला तेव्हा ट्रॅक्टरसमोर लाईनमन कैलास हात पसरून उभा होता. कैलास लातूरकडचा, बदलीवर आलेला.

"रामाकाका, खाली उतरा. मी लाईन बंद मागितलीय. परवानगी आली की न्या."

"कदी येल?"

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

रामाने खाडीकडे पाहिलं. उधाणाची भरती फुगत चालली होती. "भरतीला मीटिंग नसते रे बाबा. ही गेली का पुडचं उदाण पंदरा दिसांनी. तवर बोटीत काय कोंबड्या पालू?"

कैलासची अडचण अशी की वीज आपोआप जायची असेल तर तिला कुणाची परवानगी लागत नाही. सांगून घालवायची असेल तर फार जणांना विचारावं लागतं. तारेला झोळ पडल्याचं त्याने वर अनेकदा कळवलं होतं. दखल घेतल्याचा मेसेज दर वेळी तत्परतेने आला होता.

गेल्या वर्षी बोट उतरवणारा दिनानाथ पुढे झाला. "गेल्या साली मी सोता उचलली तार. हा बग, जिता हाय ना?"

"तेव्हा गावात लाईट होती का?"

उत्तर दिलं रामाच्या बायकोने, नलूने. ती आरतीचं ताट घेऊन उभी होती. "नवती. वाऱ्यात पोल पडलेला. बर्फ पालघरवरना आणायचो आमी."

"आणि त्याच्या आधी?"

"तवाबी नवती," मागून कुणीतरी म्हणालं. "बोटी उतरायच्या टायमाला लाईट असते कदी आपल्याकडं?"

गर्दी दोन पावलं मागे सरकली. श्रेयाचा तिसरा वाटेकरी आजवर उपेक्षितच राहिला होता. यंदा नवे खांब आल्यापासून वीज जात नव्हती, आणि त्याचा सगळ्यांना आनंदच झाला होता.

"आणि हा बांबू बोंबील वाळवायच्या वलांडीचा," कैलास म्हणाला. "मीठ पिऊन बसलाय. याला सुका कोण म्हणेल? तारेला टेकायचीसुद्धा गरज नाही काका, जवळ नेला तरी ओढून घेईल. त्यापेक्षा काठी उतरवा. बोट खुशाल जाईल."

रामाला ते कळलं असावं. पण टपावर, सगळ्या गावासमोर, कळून काय उपयोग? "आयच्या नावाची बोट हाय," तो म्हणाला. "बावटा आडवा करून नेऊ? मयत हाय काय? ललित, घे रं ट्रॅक्टर फुडं."

ललितने गिअर टाकला, काढला आणि इंजिनच बंद केलं.

नलूने ताट दिनानाथच्या हातात दिलं, पदर खोचला आणि शिडीवरून ती बोटीत चढली. काठीची गाठ सोडू लागली.

"नलू, हात लावू नको! अपशकुन हाय."

"आन माजं कपाल मोकलं जालं, तर तो शकुन काय?"

"लोकं काय बोलतील?"

"बोलतील, रामाच्या बायकोनं बावटा उतरवला. बोलू द्या. तुमी असाल ना आयकायला."

गाठ सकाळच्या पावसाने आवळलेली होती. तिने दातांनी सोडवली. रामा बांबू धरून तसाच उभा राहिला. मग त्याने तो खाली टाकला आणि उतरला. उतरताना कुणाकडे पाहिलं नाही. गावानेही तेवढ्यापुरतं तारेकडे पाहायचं सौजन्य दाखवलं.

नलू बावटा दोन्ही हातांवर आडवा घेऊन तारेखालून चालत गेली. मागून रिकाम्या टपाची बोट निघाली. ती पलीकडे जाते न जाते तोच कैलासचा फोन वाजला. "हो साहेब," तो म्हणाला. "नको साहेब. आता चालूच राहू द्या."

बोट तरंगली. रामा आत चढला. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून नलूने काठी वर दिली. तो अजून तिच्याशी बोलत नव्हता. काठी बांधायला घेतली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती खालून लटलट हलतेय.

"लाटा हायत," नलू म्हणाली.

पाणी सपाट होतं. रामाने वरचं टोक घट्ट धरलं, आणि तिचे हात थांबेपर्यंत गाठ मारली नाही.