मला चालू करण्याआधी अर्ज करा

“मैदानावर मेटल डिटेक्टर फिरवला तर पकडायला कोण येतं, गार्डा की तुम्ही?”

गार्डा म्हणजे आयर्लंडचे पोलीस. हा प्रश्न अनुयाने भर वर्गात विचारला. विचारून दाखव, अशी पैज तिच्या मैत्रिणींनी, नेत्रा आणि ईफाने, लावली होती. त्या दिवशी शाळेत काउन्सिलच्या डेलनीबाई आल्या होत्या, गावातली सार्वजनिक मैदानं कशी सांभाळतात ते सांगायला. वर्ग हसला. डेलनीबाई हसल्या नाहीत.

“तुझ्याकडे आहे का डिटेक्टर?” त्यांनी विचारलं.

“आहे. आजोबांचा.”

मित्रांनो, आजोबांचा तो जुना मेटल डिटेक्टर म्हणजे मी. एक दांडा, खाली तव्याएवढी चकती, वर डबा आणि डब्यावर काटा. माझा जन्म भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथून मी पुण्यात पाणीपुरवठा खात्यात गेलो. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि पाण्याच्या व्हॉल्व्हची झाकणं खाली गाडली जातात. ती शोधणं हे माझं काम. अनुयाचे आजोबा, बाळासाहेब, तिथे व्हॉल्व्हमन होते. काटा हलला की ते खडूने फुली मारायचे आणि बाकीचे पहार घेऊन यायचे. एका गल्लीत आठवडाभर पाणी नव्हतं. तिथे पहिलीच फुली बरोबर लागली, तेव्हा एका बाईंनी बाळासाहेबांना चहा दिला आणि माझ्यासमोर नारळ वाढवला.

दर खंडेनवमीला पाना, पहार आणि मी एका ओळीत बसायचो. हळदकुंकू, झेंडूचं फूल. ती हळद माझ्या बटणाच्या खाचेत अजून आहे.

पुढे नवी यंत्रं आली आणि मला निर्लेखित केलं. सरकारी भाषेत याचा अर्थ, हा आता नाही. बाळासाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज केला आणि मला घरी नेलं. ते सगळ्यासाठी अर्ज करायचे. अनुया म्हणते, आजोबा दुसरी पोळी मागतानाही आधी ‘विषय’ लिहितील.

मग ते मुलाकडे आयर्लंडला आले. मी त्यांच्या बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळलेला. मुलगा मकरंद सॉफ्टवेअरमध्ये आहे, सून सुचित्रा घरून डबे करून देते, आणि अनुया पंधरा वर्षांची आहे. पोर्टलीशपासून वीस मिनिटांवर त्यांचं गाव. मला त्यांनी हॉट प्रेसमध्ये ठेवलं. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. टॉवेल तिथे वाळतात. ऊब असते, पण काम नसतं.

गावाबाहेर एक मैदान आहे. खूप वर्षांपूर्वी कोणीतरी लोकांना खेळायला, फिरायला म्हणून दिलेलं. आता तिथे दोन बाक आहेत, एक वाकलेला गोलपोस्ट आहे आणि फिरायला येणारी कुत्री. कडेला मातीचा एक गोल बांध आहे, हजारेक वर्षं जुना. त्याला रिंगफोर्ट म्हणतात. बांधावर हॉथॉर्नचं काटेरी झाड आहे. ते कोणी तोडत नाही, कारण तिथे पऱ्या राहतात. पऱ्यांवर विश्वास नाही म्हणणारेही तोडत नाहीत.

गेल्या दसऱ्याला चार मराठी घरं त्या मैदानावर जमली. आपटा इथे कुठला, म्हणून बीच नावाच्या झाडाची पिवळी पानं गोळा केली. “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा,” म्हणत बाळासाहेबांनी सगळ्यांना पानं वाटली. थंडीने बोटं आक्रसली होती. घरी येऊन हात धुताना त्यांना कळलं, बोटात लग्नातली अंगठी नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन मैदानावर गेले. मी चालू झालो. किती वर्षांनी काटा थरथरला. दहा पावलं झाली असतील, तेवढ्यात कुत्रा फिरवणारी एक बाई थांबली.

“त्याला परवानगी लागते हो,” ती गोडीने म्हणाली. “जुनी जागा आहे. नाहीतर गुन्हा होतो.”

बाळासाहेबांनी मला तिथल्या तिथे बंद केलं. “बत्तीस वर्षांत परवानगीशिवाय एक खड्डा खणला नाही,” ते घरी म्हणाले. “आता काय खणतो?”

त्याच संध्याकाळी त्यांनी अर्ज लिहिला. विषय: हरवलेली अंगठी यंत्राद्वारे शोधण्यास परवानगी मिळणेबाबत. खाली सही, तारीख, दोन्ही पानांना मिळून टाचणी.

“ठेवा बाबा,” मकरंद म्हणाला. “वीकेंडला इंग्लिश करून मेल करतो.”

अर्ज माझ्या शेजारी, टॉवेलांखाली आला. बरेच वीकेंड गेले. जानेवारीत बाळासाहेबांना हॉस्पिटलमध्ये नेलं आणि ते परत आले नाहीत. माझ्यातले सेल गळले. आधी पांढरं, मग हिरवं काहीतरी साचलं, मग मला काहीच वाटेनासं झालं. घरातही तसंच होतं. सुचित्रा विचारायची, “चहा टाकू?” मकरंद म्हणायचा, “राहू दे.” दिवा लावू? राहू दे. त्यांचे कपडे आवरायचे का? राहू दे.

मार्चमध्ये अनुया टॉवेल काढायला आली आणि तिला आम्ही दोघं सापडलो, मी आणि अर्ज. तिने लिंबू आणि कान साफ करायच्या काड्या घेऊन माझा डबा घासला. नवे सेल घातले. काटा हलला. मग तिने अर्ज वाचला, एकेक अक्षर लावत, कारण मराठी ती बोलते जास्त आणि वाचते कमी. आणि मग ती पैज लागली.

डेलनीबाईंनी तिला वर्गाबाहेर नीट उत्तर दिलं. मोकळ्या मैदानाचं आम्ही बघू, पण बांधाजवळ मी हो म्हणू शकत नाही. त्यासाठी डब्लिनला, सरकारच्या खात्याकडे अर्ज करावा लागेल. उत्तराला महिने लागतील, आणि ते ‘नाही’ असंही येईल.

अनुयाने दसऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला. बाळासाहेब हॉथॉर्नखाली उभे होते, बांधाला लागूनच.

“रविवारी सकाळी जा,” ईफा म्हणाली. “तेव्हा कोणी नसतं.”

“पाच मिनिटांचं काम,” नेत्रा म्हणाली. “अंगठी तुमचीच आहे ना? चोरी थोडीच आहे?”

रविवारी अनुया मला घेऊन गेली. खरंच कोणी नव्हतं. तिने माझी चकती बांधापाशी गवतावर टेकवली. अंगठा बटणावर ठेवला. हळदीच्या खाचेत तिचं नख लागलं. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. चालू केलं असतं तर मी वाजलो असतो का, मला माहीत नाही. तिने चालू केलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं फार थोडं मागतात. काम नसेल तेव्हा आमचे सेल काढून ठेवा. ज्या जमिनीवर आम्हाला नेता, तिला आधी विचारा. आणि कोणी विश्वासाने दिलेला कागद टॉवेलांखाली ठेवू नका. सेल गळले तर लिंबाने निघतात.

घरी आल्यावर अनुयाने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आईबाबा नाश्ता करत होते.

“काय केलंस?” मकरंदने विचारलं.

“काही नाही. बंदच होता.”

“बरं. राहू दे आता ते.” मग तो माझ्याकडेच बघत बोलला. “हॉस्पिटलमध्ये ते विचारत होते, अर्जाचं काय झालं. मी म्हटलं, पाठवलाय.”

सुचित्राने हातातला चमचा खाली ठेवला.

अनुयाने बॅगेतून कागद काढले आणि माझ्या दांड्यापाशी ठेवले. वर तिचा इंग्लिश अर्ज, खाली टाचणी लावलेला मराठी.

“बाबा, आई, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्या शाळेच्या वाटेवर हे मी पोस्टात टाकणार, डब्लिनला. नाही म्हणाले तर अंगठी तिथेच राहील, चालेल मला. सोबत संदर्भ म्हणून आजोबांचा अर्ज लावलाय, त्यांच्याच तारखेचा, म्हणजे तोही पोचेल. मी पंधराची आहे, त्यामुळे सही तुमची लागेल, बाबा. आणि राहू दे म्हणालात, तर आईची घेईन.”