तीट

शेवंतीमावशींनी काजळाच्या डबीत करंगळी बुडवली आणि रांगेतल्या पहिल्या बाळाच्या गालावर तीट लावली. मग दुसऱ्याच्या. तिसरीने तोंड फिरवलं, तर तिच्या कानामागे.

"मावशी, मॅडम पोरं बघायला येतायत, नजर लावायला नाही," रचना म्हणाली.

"बघण्यातच असते बाई नजर. आणि आज दिसतायत बघ कशी गुटगुटीत."

दिसत होतीच. कळव्याच्या डोंगरउतारावरच्या चाळींतली ही मुलं. आया कामाला गेल्या की दिवसभर रचनाच्या पाळणाघरात असायची. जी अशक्त असत त्यांना इथे जास्तीचं जेवण मिळे, ते ठाण्याच्या एका फाउंडेशनच्या मदतीतून. ती मदत आता संपत आली होती. पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला फाउंडेशनच्या नौपाड्याच्या ऑफिसातून नीरजा मॅडम येणार होत्या.

म्हणून रचनाने काल निशाच्या आईला, पायलला, सांगितलं होतं, "उद्या निशाला घरीच ठेव हं." निशा दीड वर्षांची. नुकतीच आजारातून उठलेली, हातापायांच्या काड्या झालेल्या. आपल्याकडे जेवूनही मूल असं, म्हणाल्या तर?

नीरजा मॅडम आल्या. प्रत्येक मुलाशी बोलल्या, एकाला मांडीवरही घेतलं.

"छान आहेत हो मुलं," निघताना त्या म्हणाल्या. "खरं सांगू? इथलं काम झालंय असंच वाटतं. खडवलीच्या बाजूनेही मागणी आहे. मदत आता तिकडे गेली पाहिजे."

रचना हसत राहिली. शेजारच्या मुलाची सरळच असलेली कॉलर तिने पुन्हा सरळ केली.

"पाच मिनिटं बसता का, मॅडम? मी आलेच."

वरच्या चाळीत पायल आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. मांडीत निशा.

"चल, घेऊन ये हिला," रचना धापा टाकत म्हणाली.

"काल नको म्हणालात ना, ताई?"

"हो. म्हणाले."

"पोरीला ताप आहे सांगून घरी बसलेय मी. कामावर खाडा पडला तो पडलाच. आता काय, दाखवायला पाहिजे?"

रचना तिथेच खाली टेकली. तिला बघताच निशाने 'आ' केला. रोज या वेळी करायची तसा, मोठा, भरवशाचा. रचनाच्या हातात ना वाटी होती, ना चमचा. तिने ओढणीनेच निशाचे ओठ पुसले.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

पायल उठली, पोरीला कडेवर घेतलं, दार ओढून घेतलं.

"जेवायची वेळ झालीय म्हणून येतेय. दाखवायला नाही."

पाळणाघरात शिरून ती रांगेच्या शेवटी, निशाच्या नेहमीच्या जागी बसली. मऊ खिचडीची वाटी घेऊन आलेल्या शेवंतीमावशी निशाला बघून थबकल्या. वाटी खाली ठेवून त्यांनी कनवटीची डबी काढली.

"राहू द्या मावशी," पायल म्हणाली. "हिला कोण नजर लावतंय?"

"तुला काय ठाऊक," म्हणत मावशींनी निशाच्या गालावर तीट लावली. बाकीच्यांपेक्षा चांगली मोठी.

नीरजा मॅडमनी खांद्याला लावलेली पर्स खाली ठेवली.

"ही मघाशी नव्हती."

"मीच येऊ नको म्हटलं होतं," रचना म्हणाली.

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग साडी सावरून खाली, फरशीवर बसल्या.

"नाव काय हिचं?"

रचनाचं तोंड उघडलं, मिटलं. तिने पायलकडे पाहिलं.

पायल चमच्यातल्या घासावर फुंकर घालत होती.

"जेवू द्या तिला आधी," ती म्हणाली. "मग सांगते."