माझं नाव यादीतून काढ!

शुक्रवारी दुपारपर्यंत रविवारचं पत्रक छापून व्हायला हवं, आणि ब्रायर फोर्कच्या चर्चमधलं छपाईचं यंत्र नेमकं शुक्रवारीच कागद अडकवून बसतं. चर्चचं कार्यालय सांभाळणारी शेल्बी नेपियर गुडघे टेकून तो चुरगळलेला कागद ओढत होती. तिची चार वर्षांची मेसी टेबलाखाली रंगखडूंची टोकं मोडत होती. शेल्बीचं अर्धं लक्ष यंत्रात, अर्धं पोरीच्या तोंडाकडे. खडू गिळला तर?

तेवढ्यात दार उघडून वर्ना स्टिडम आत आली.

केंटकीच्या त्या डोंगरपट्ट्यात वर्नाला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. सव्विसाव्या वर्षी तिचं गाणं अकरा आठवडे रेडिओवर वाजत होतं. पुढची पंधरा वर्षं ती आपला बँड घेऊन जत्रा, मेळे, नाचघरं गाजवत हिंडली. मग घशाचा कर्करोग झाला. दोन शस्त्रक्रिया, किरणोपचार, नळीने जेवण. त्यातून ती उठली त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. आवाज परत आला होता, खाली उतरलेला आणि खरखरीत.

"मिस वर्ना! बसा ना, उभ्या कशाला?" शेल्बीने घाईघाईने खुर्ची पुढे केली.

"माझ्या पायांना काही झालेलं नाही," वर्ना म्हणाली. "शेल्बी, एक काम कर. प्रार्थनेच्या यादीतून माझं नाव काढ."

पत्रकाच्या मागच्या पानावर आजाऱ्यांची यादी असते. दर रविवारी पास्टर ती मोठ्याने वाचतात आणि सगळे डोळे मिटतात. यादीत नाव घाला म्हणून लोकांचे फोन येत. काढा म्हणून कुणी येईल हे तिच्या डोक्यातही नव्हतं.

"अहो, पण प्रार्थनेनं कुणाचं काय बिघडलंय?"

"माझं बिघडलंय! नाताळात शाळेच्या कार्यक्रमाला मला बोलावलं नाही. का, तर तिला ताण नको. जत्रेत बोलावलं, ते आजारपणाची कहाणी सांगायला. माझं गाणं म्हटलं दुसऱ्याच पोरीने, आणि मी खाली बसून टाळ्या वाजवल्या. दर रविवारी माझं नाव वाचलं जातं, आणि अख्ख्या खोऱ्याला वाटतं, वर्ना अजून मरतेच आहे. डॉक्टरांनी मला बरी म्हणून सोडलं गं. तुम्ही सोडत नाही."

मेसी टेबलाखालून बाहेर आली होती. तिने वर्नाच्या गळ्यावरच्या व्रणाकडे बोट केलं. "हे काय झालं?"

वर्ना हसून खाली वाकली. पण शेल्बीने पोरीला दंडाला धरून मागे ओढलं. "मेसी! मिस वर्नाला त्रास द्यायचा नाही."

वर्नाचा हात तसाच हवेत राहिला. "त्याची लागण होत नाही गं," ती म्हणाली.

वर्नाने विषय बदलला. रविवारी होमकमिंग होतं, गाव सोडून गेलेली माणसं वर्षातून एकदा चर्चला परत येतात तो दिवस. त्या दिवशी लॉईड क्रेस येणार होता. तळ्याकाठी त्याचं नाचघर आहे, आणि त्याला हिवाळाभर दर शनिवारी गाणारं माणूस हवं होतं.

"त्याला मला ऐकू दे," वर्ना म्हणाली. "हे पत्रक त्याच्या हातात पडलं तर त्याला गाणारी बाई दिसणार नाही, पेशंट दिसेल. आणि हा हिवाळा हुकला तर कामासाठी मला हे गाव सोडावं लागेल. उगाच म्हणत नाहीये."

"बघते मी," शेल्बी म्हणाली.

ती गेल्यावर शेल्बी बराच वेळ संगणकाच्या पडद्यावरच्या त्या नावासमोर बसून होती. काढलं, आणि पुढच्या महिन्यात दुखणं उलटलं तर? नाव खोडणारा हात माझा! लोक काय म्हणतील? लेकरूबाळ असलेल्या बाईने देवाशी असले खेळ खेळू नयेत. तिने नाव तसंच ठेवलं. वर तिला वाटलं, आपण वर्नाचं भलंच केलं. असलं भलं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी कुणाचं तरी केलेलं आहे!

होमकमिंगला ओहायो-मिशिगनच्या गाड्या आल्या. झाडांखाली लांब टेबलं मांडली गेली, तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. जेवणानंतर गाणी. पास्टर पत्रक हातात घेऊन उभे राहिले.

"आता आपली शूर भगिनी! जिच्यासाठी आपण इतकी वर्षं गुडघे टेकले!"

सगळी माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी धावत खुर्ची आणली, पाण्याचा पेला आणला. वर्नाने खुर्ची पायाने बाजूला सारली. वीस वर्षं तिला साथ करणाऱ्या ऑर्बी हॅडिक्स म्हाताऱ्याने मांडीवर आडव्या ठेवलेल्या स्टील गिटारवर सूर दिला. पहिली ओळ संपायच्या आत हातरुमाल निघाले.

वर्ना थांबली. "मंडळी, रडू नका. हे विनोदी गाणं आहे!"

लोक ओल्या डोळ्यांनी हसले आणि पुन्हा रडायला लागले. "किती धीराची बाई!" मागून कुणीतरी म्हणालं. शेल्बीनेही डोळे पुसले.

गाणं संपल्यावर लॉईड क्रेसने वर्नाचे दोन्ही हात हातात घेतले. पत्रक त्याच्या खिशातून डोकावत होतं. "मिस वर्ना, आता आम्हीही रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेऊ हो. जिवाला जपा. आमच्याकडचा तो धूर, ते दारुडे, ती थंडी, तुम्हाला झेपायचं नाही."

"लॉईड, आवाज कसा वाटला?"

"अहो, तुम्ही उभ्या राहिलात हेच केवढं!"

पुडिंगचं भांडं घेऊन शेल्बी शेजारीच उभी होती. वर्नाने तिच्याकडे फक्त एकदा पाहिलं.

शेल्बी भांडी घासत होती तिथे ऑर्बीने फडकं उचललं आणि तो ती पुसू लागला. शेल्बीलाच राहवेना. "ब्रदर ऑर्बी, माझं काय चुकलं? प्रार्थनाच केली ना मी?"

"प्रार्थना केलीस, छान केलंस. आता सांग पोरी, गाणं कशाबद्दल होतं?"

शेल्बीने आठवून पाहिलं. तिला वर्नाचा गळा आठवला, व्रण आठवला, पाण्याचा पेला आठवला. गाण्यातली एकही ओळ आठवेना!

"नवऱ्याला हाकलून त्याचा ट्रॅक्टर ठेवून घेणाऱ्या बाईचं गाणं होतं ते," ऑर्बी म्हणाला. "आणि तुम्ही सगळे ट्रॅक्टरच्या ओळीला रडलात. कर्करोगानं तिचा अर्धा आवाज नेला. उरलेला तुम्ही ऐकतच नाही. मग तिनं तो घेऊन करायचं काय?"

"मला भीती वाटत होती. नाव काढल्यावर तिला काही झालं असतं तर?"

"भीती तुझी होती ना? मग तिच्या डोक्यावर का ठेवलीस?"

शेल्बी हात न पुसताच धावली. लॉईड गाडीत बसत होता. "मिस्टर क्रेस, त्या बऱ्या आहेत! तीन वर्षांपूर्वीच बऱ्या झाल्या. यादी मी छापते, चूक माझी आहे."

"असेल. पण उद्या ती माझ्या स्टेजवर कोसळली तर? लोक मला काय म्हणतील?"

अगदी हेच तिने शुक्रवारी पडद्यासमोर बसून स्वतःला विचारलं होतं!

"शिवाय मी आत्ताच दुसऱ्या पोरीला शब्द दिला," लॉईड म्हणाला. "हे आधी सांगायचं होतंस." आणि तो गेला.

वर्ना आपल्या पिकअपमध्ये गिटार ठेवत होती. ऑर्बी आपलं वाद्य घेऊन तिथे आला होता.

"मी नाव मुद्दाम ठेवलं," शेल्बी म्हणाली.

"माहीत आहे. मला वाचता येतं."

"पुन्हा गाल का? मी ऐकलंच नाही."

"तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून? त्यासाठी पास्टर आहेत."

शेल्बी तिथून हलली नाही. मेसी धावत आली आणि थेट वर्नाला बिलगली. शेल्बीचा हात पुढे झाला, आणि तिने तो मागे घेतला. वर्नाने एक सुस्कारा सोडला, पिकअपच्या मागच्या फळीवर बसली आणि गाऊ लागली. ट्रॅक्टर आला तिथे मेसी खिदळली. शेल्बीने या वेळी शब्द न् शब्द ऐकला.

"कसं झालं?" वर्नाने विचारलं.

"फार छा..." शेल्बी थांबली. "तिसऱ्या कडव्यात वरचा सूर फाटतो तुमचा. तिथे खालीच राहा, खालचा आवाज चांगला आहे. आणि शेवट फार लांबवता."

ऑर्बीने दुसरीकडे तोंड फिरवलं. वर्नाचा चेहरा क्षणभर कठोर झाला.

"तीन वर्षं!" ती ओरडली. "ऑर्बी, ऐकलंस? तीन वर्षांनी कुणीतरी माझ्या गाण्याला नाव ठेवलं!"

"शेवटाचं मी वीस वर्षं सांगतोय."

"तू गप्प बस!"

ती मोठ्याने हसली. पण हिवाळा हातचा गेला होता तो गेलाच. नोव्हेंबरात वर्ना घराला कुलूप लावून ओहायोतल्या डेटनला बहिणीकडे निघून गेली. तिथल्या एका खाणावळीत ती शनिवारी गाते. तिथे तिचं आजारपण कुणाला माहीत नाही. आपल्याच गावात जे मिळालं नाही, ते तिला परक्यांच्यात जाऊन मिळवावं लागलं.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी शेल्बीने नाव काढलं. रविवारी दुपारी फोन सुरू झाले. "कधी गेली गं बिचारी?"

"गेली नाही," शेल्बी प्रत्येकीला सांगत होती. "डेटनला गातेय. येत्या शनिवारी मी ऐकायला जाणार आहे. गाडीत तिघींची जागा आहे."

एकच बाई आली. बाकीच्यांनी वर्नासाठी प्रार्थना करू म्हणून सांगितलं.

वाचकहो, आजारातून उठलेलं माणूस तुमच्याही घरात असेल, कचेरीत असेल, शेजारी असेल. त्याला खुर्ची पुढे करण्याआधी विचारा, हवी आहे का. त्याचं काम त्याला परत द्या, आणि ते काम नीट पाहा, नीट ऐका. चुकलं तर चुकलं म्हणा! आपल्या भीतीला दया म्हणत राहिलो, तर मृत्यूच्या हातून सुटून आलेली माणसं आपल्याला कंटाळून निघून जातील, आणि तेव्हा त्यांना अडवायचा हक्क आपल्याला उरणार नाही.