आरशाचं बटण

दुकानात मला कंट्रोलर म्हणतात, गेम न खेळणारे पाहुणे रिमोट म्हणतात, आणि एका निवृत्त बस ड्रायव्हरने मला कायम 'हँडल' म्हटलं. तिन्ही नावांना मी ओ देतो. व्हिडिओ गेम खेळताना माणसाच्या दोन हातांत जे असतं, तेच मी. मी बोलत नाही, म्हणून माझ्यासमोर माणसं काहीही बोलतात. आज मात्र मला बोलायचंय.

कारखान्यात मला एका यंत्राने तपासलं. प्रत्येक बटण दाबून पाहिलं, अंगठ्याने ढकलायच्या दोन्ही स्टिक गोल फिरवल्या आणि मला खोक्यात घातलं. माणसाचा हात मला पहिल्यांदा लागला तो चिमीचा. चिमी हे काही तिचं खरं नाव नव्हे, तिचे वडील तिला तसं म्हणत. वयाने ती चाळिशीची. एका वेबसाइटसाठी गेमचे रिव्ह्यू लिहायची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी टेबल, समोर मोठा पडदा आणि खुर्चीच्या पाठीवर कायम वाळत पडलेला एक टॉवेल. एका गुडघ्यावर तिची वही, दुसऱ्यावर मी. पडद्यावरचा योद्धा तलवार उगारून ताटकळत उभा असायचा आणि ही खाली मान घालून लिहीत बसायची.

मला वाटलं होतं, खेळावर लिहिणारं माणूस खेळत असेल. पण तिला खेळायला वेळच नसायचा. गेम हातात पडायचा सोमवारी, रिव्ह्यू द्यायचा शुक्रवारी, आणि गेम साठ तासांचा! मग ती गेमची पातळी 'सोपी' करून ठेवायची, पडद्यावरची माणसं बोलायला लागली की बटण दाबून त्यांना गप्प करायची, आणि धावत सुटायची. कुणी इतक्या मेहनतीने रंगवलेले डोंगर, बाजार, पूल तिच्या डोळ्यांसमोरून नुसते सरकत जायचे. माझं बटण इतक्या जोरात दाबायची की मला वाटायचं, आता हे आत जाऊन बसणार.

पहिल्या वर्षी ती बेधडक लिहायची. सगळं जग ज्याची वाट बघत होतं अशा एका भल्यामोठ्या गेमला तिने दहापैकी सहा दिले. 'दिसायला राजवाडा, आत शिरलं की कारकुनी,' असं लिहिलं. माझ्या मते सहासुद्धा जास्तच होते. त्या गेममध्ये मी चौदा तास नुसती फुलं तोडली होती.

पण लोक खवळले. 'या बाईला खेळता येत नाही.' 'घरी जाऊन भांडी घास.' कुणीतरी तिच्या इमारतीचा फोटो टाकला. आठवडाभर ती खिडकीचा पडदा ओढून बसली. दाराची बेल वाजली की मला घट्ट धरायची, जसा काही मी तिला वाचवणार होतो.

त्यानंतर चिमी बदलली. मोठ्या गेमला आठ, फार मोठ्याला नऊ. आकडा आधी ठरायचा, शब्द त्याच्या मागून यायचे. पूर्वीसारखं कडक लिहायची हौस मात्र उरली होती. ती लहान गेमवर भागवून घ्यायची. लहान गेमला तीन दिले तर भांडायला कोण येणार?

असाच एक बसचा गेम आला. दोघांनी मिळून बनवलेला. डोंगरातला एक मार्ग, बारा थांबे, एक जुनी बस. सुरुवातीला पडद्यावर एवढंच आलं : 'गाडी तुमची आहे. सवय करून घ्या.' चिमीने तीन तास बस चालवली. चढले ते प्रवासी घेतले, उतरले ते उतरवले, आणि मला टेबलावर टाकून लिहिलं : 'काहीही घडत नाही. तीन.' तिच्या दुपारच्या जेवणाआधी तो रिव्ह्यू वेबसाइटवर गेलाही. दुसऱ्या दिवशी ती तो गेम विसरलीसुद्धा.

दीड वर्षाने तिचे वडील राहायला आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि गावच्या घरी एकट्याने जिने चढणं जमणार नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी प्रवासी बस चालवली होती. त्यांचे तळवे जाड, खरखरीत. आल्या आल्या त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल घडी करून कपाटात ठेवला. चिमी म्हणाली, "बाबा, तो तिथेच असतो." ते म्हणाले, "असू दे. आता इथे असेल."

चिमी आठवड्यातून तीन दिवस कचेरीत जायची. बाबा दिवसभर एकटे. एक-दोनदा त्यांनी समोरच्या गच्चीतल्या माणसाला हात करून पाहिला, त्याने काही ओळख दिली नाही. मग ते माझ्याकडे बघत बसायचे.

"चिमे, या तुझ्या हँडलावर बसबिस चालते का गं?"

चिमी घाईत होती. तिने तो जुना गेम लावून दिला. "हा घ्या. कंटाळवाणा आहे, पण तुमचा वेळ जाईल."

बाबांनी मला हातात घेतलं, पण बस सुरूच करेनात. "आरसा कुठंय?" ते स्वतःशीच म्हणाले. "आरसा नसलेली गाडी कोण चालवेल?" त्यांनी माझं एकेक बटण दाबून पाहिलं. शेवटी माझ्या पाठीकडचं, उजव्या बोटाखालचं एक बटण दाबलं, आणि पडद्यावर वरच्या कोपऱ्यात आरसा उघडला. मागचा रस्ता, धूळ, सुटलेला थांबा, सगळं त्यात.

मला तेव्हा आठवलं. चिमीच्या त्या तीन तासांत हे बटण एकदाही दाबलं गेलं नव्हतं. मी सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

चौथ्या थांब्यावरून बस सुटली, बाबांनी आरशात पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. मागून एक बाई धावत येत होती. हातात जेवणाचा डबा. ती चढली, धापा टाकत म्हणाली, "थांबलात! कुणी थांबत नाही." आणि दवाखान्याच्या थांब्यावर उतरली.

त्या दिवसापासून बाबा रोज दुपारी 'ड्यूटी'वर जायला लागले. थांब्यांची नावं मोठ्याने पुकारायचे. चौथ्या थांब्यावर वाट बघायचे. बाई आली की मान हलवायचे. हळूहळू कळत गेलं. बाईचा नवरा दवाखान्यात होता. त्याला तिथलं जेवण चालत नव्हतं. पुढे पुढे ती डबा परत नेताना म्हणायला लागली, "आज अर्धाच खाल्ला." मग, "आज नुसता वास घेतला."

एका संध्याकाळी चिमी कचेरीतून आली ती दारातच थबकली.

"ही बाई कोण?"

"ही? रोजची आहे आपली."

"बाबा, या गेममध्ये अशी कुणी बाई नाहीये."

"नाही कशी? चौथ्या थांब्यावर चढते."

"मी अख्खा मार्ग चालवलाय. चौथ्या थांब्यावर कुणीच नसतं."

"आरशात बघितलंस?"

चिमी खुर्चीवर टेकली. चप्पलसुद्धा काढली नव्हती. "कुठला आरसा?"

बाबांनी बटण दाबून दाखवलं. पडद्यावर बस चालली होती आणि आज बाई नुसतीच बसली होती, हात मांडीवर ठेवून. डबा नव्हता. तिकीट घेताना म्हणाली, "आज डब्याचं काम नाही." बाबांनी बस अगदी हळू चालवली. त्या गेममध्ये त्याहून जास्त काही करताच येत नव्हतं. दवाखान्याचा थांबा आला, बाई उतरली, आणि त्यांनी मला बाजूला ठेवलं.

"मीही एकीला असं महिनाभर नेत होतो," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी काय बोलावं तेव्हाही सुचलं नव्हतं. ज्याने कुणी हा खेळ केलाय ना, तो बसमध्ये मागे बसून आलेला माणूस आहे."

पुढचे नऊ दिवस चिमीने तो गेम पहिल्यापासून खेळला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात सैल होते. माणसं बोलायला लागली की ती थांबून ऐकायची. शेवटी तो मार्ग कायमचा बंद होतो, आणि शेवटच्या फेरीला सगळे जुने प्रवासी एकेका थांब्यावर नुसते उभे असतात. तिथे तिचा तळहात ओला झाला. माझ्या अंगावर ती ओल बराच वेळ होती.

तिने संपादकांना फोन लावला. फोन टेबलावर होता, मी त्याच्या शेजारी.

"दीड वर्षापूर्वीच्या गेमचा परत रिव्ह्यू?" संपादक हसले. "वाचणार कोण, बाई?"

"निदान तो तीनचा आकडा तरी काढा."

"एक आकडा काढला तर लोक विचारतील, बाकीचे किती खरे?"

"मलाही तेच विचारायचंय."

मग संपादक म्हणाले, "तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या." त्यांनी तिला पुढचा गेम कधी पाठवलाच नाही.

चिमीने स्वतःच्या पानावर लिहिलं. लोकांना न आवडणारं सगळं एकदम लिहिलं. 'खेळाला किती वेळ द्यायचा हे आम्ही नाही, रिव्ह्यू द्यायची तारीख ठरवते. नऊ दिलेल्या एका गेममध्ये मला दोनदा डुलकी लागली होती. मोठ्यांना मी भीतीपोटी आकडे दिले आणि लहानांवर शौर्य गाजवलं. आणि या एका गेमचं मी दारसुद्धा उघडलं नव्हतं, बाहेरूनच घर वाईट म्हणून सांगितलं.'

लोक पुन्हा तुटून पडले. 'हिला खेळता येत नाही हे हिनेच कबूल केलं!' 'त्या बसवाल्यांनी काय दिलं गं तुला?' तिच्यासारखेच रिव्ह्यू लिहिणारे चौघे-पाचजण दर रविवारी तिच्याशी गप्पा मारायचे, ते एकेक करून गप्प झाले. कुणी भांडलं नाही, नुसते येईनासे झाले. रविवारी सकाळी ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि थोड्या वेळाने काढून ठेवायची.

तो गेम बनवणाऱ्या माणसालाही तिने पत्र लिहिलं होतं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. तिने ते बाबांना वाचून दाखवलं.

'तुमचं पत्र मिळालं. लेखही वाचला. ते काम मी सोडलं. आता शाळांची वेळापत्रकं लावणारा प्रोग्रॅम लिहितो. तुमचा रिव्ह्यू आला त्याच आठवड्यात माझा जोडीदार म्हणाला, आता पुरे. दोष तुमच्या एकटीचा नाही, सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. त्या बाईसाठी कुणीतरी थांबलं हे कळून बरं वाटलं. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. पण मला परत लिहू नका. पुन्हा हुरूप आला तर आता मला तो झेपणार नाही.'

चिमीने पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मनातल्या मनात.

"बाबा, मग मी हे सगळं करून काय मिळवलं?"

बाबा गुडघा चोळत होते. "काही नाही मिळवलं. चूक होती, सांगितलीस."

"त्याचं काय भलं झालं?"

"त्याचं नाही झालं," ते म्हणाले. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला उठायचं तर त्यांना वेळ लागायचा, म्हणून त्यांनी तिलाच जवळ बोलावलं.

गुडघा बरा झाल्यावर बाबा गावी परत गेले. कन्सोल, म्हणजे गेम चालवणारं यंत्र, आणि मला बरोबर घेऊन जा म्हणून चिमीने फार आग्रह केला. ते म्हणाले, "नको गं. मार्ग बंद झाला ना तो. आता दुसरी गाडी शिकायचं वय नाही." जाताना त्यांनी मला एकदा हातात धरून पाहिलं, रुमालाने पुसलं आणि टेबलावर सरळ ठेवलं. खाली रिक्षाचा आवाज आला, मग तोही गेला.

चिमीने त्यानंतर गेमवर लिहिलं नाही. आता ती औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं सोप्या भाषेत लिहिते. ते काम तिला जमतं, असं ती फोनवर बाबांना सांगायची. मी चार महिने खणात होतो. खणात वेळ कळत नाही. शेजारी एक मेलेली बॅटरी आणि कुठल्याही कुलपाची नसलेली एक किल्ली होती. आमचं फारसं बोलणं झालं नाही.

एके दिवशी खण उघडला, चिमीने मला कन्सोलसकट एका पिशवीत भरलं आणि एका व्यायामकेंद्रात नेऊन दिलं. ज्यांचे हात अर्धांगवायूच्या झटक्याने लुळे पडलेत, त्यांना तिथे पुन्हा बोटं हलवायला शिकवतात. निघताना ती दारापर्यंत गेली, परत आली, मला एकदा उचललं, पुन्हा ठेवलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "काही राहिलंय का?" ती म्हणाली, "नाही." मला वाटतं, राहिलं होतं.

आता मी इथे भिंतीवरच्या खुंटीला असतो. माझ्यावरची अक्षरं पुसली गेलीत, डावी स्टिक आपोआप एका बाजूला झुकते. दर तासाला वेगळा हात येतो. कुणाला गेमची आवड नाही, कुणी माझं नाव विचारत नाही. व्यायाम झाला की मला औषधाच्या फडक्याने पुसतात आणि तो हात कसा होता याची खूणसुद्धा माझ्या अंगावर राहत नाही. इतके हात लागतात, पण यांतला माझा असा एकही नाही.

गेल्या मंगळवारी एक शिंपी आले होते. सहा आठवडे ते येतायत. पडद्यावर एक साधा लाल चेंडू असतो. अंगठ्याने माझी स्टिक ढकलली की तो घरंगळतो. सहा आठवडे चेंडू हलला नव्हता. मंगळवारी व्यायाम घेणाऱ्या बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या, आणि शिंप्यांचा अंगठा हलला. अगदी केसभर. चेंडू एकदा वळला आणि थांबला.

शिंप्यांनी दाराकडे पाहिलं. बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. खोलीत कुणीच नव्हतं. मग ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हलला की रे."

हो काका, हलला. मी पाहिलंय. मला त्यांना ते सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या घरी कुणी असं एकटं खेळत बसलं असेल, तर जरा त्याच्या शेजारी जाऊन बसा.